सदतीस शिफारसी आणि एक वाचन

'सरत्या वर्षात आपल्या मंडळाच्या १४६ सभासदांनी एकूण १,७५२ पुस्तकांचे वाचन केले आणि त्या वाचनाचा आनंद परस्परांपर्यंत पोहोचवला.'

खराडी येथील शुभंकर हाइट्स या गृहसंकुलाच्या वाचक मंडळाने २०१३ सालचा जो वार्षिक अहवाल प्रसिद्ध केला, त्यातले हे पहिले वाक्य आहे. यातील आकडे बिनचूक आहेत, हे आरंभीच नोंदवलेले बरे. एका चांगल्या संस्थेविषयी नाहक संशय निर्माण करण्याचा येथे हेतू नाही. १४६ सभासद, दरमहा प्रत्येकी एक, असे बारा महिने: गुणाकार दोनदा करून पाहिला आहे. अडचण असलीच तर एवढीच, की क्लब हाउसमध्ये मंडळाचे जे कपाट आहे त्यात पुस्तके २३१ आहेत, आणि कपाटाच्या कडीला सुतळीने बांधलेल्या वहीत वर्षभरात पुस्तक बाहेर गेल्याच्या नोंदी १९ आहेत.

या १९ नोंदींपैकी एक गणेशोत्सवातली आहे. मखराची डावी बाजू खचत होती म्हणून एक सहाशे पानी कादंबरी दहा दिवसांसाठी नेण्यात आली आणि विसर्जनानंतर परत आली. (शेरा: 'उपयुक्त.') दुसरी नोंद मंडळाच्या सचिवांची असून त्यांनी मुखपृष्ठाचे छायाचित्र काढण्यासाठी एक पुस्तक दहा मिनिटे व्हरांड्यात नेले होते. (शेरा: 'सुस्थितीत परत.') उरलेल्या सतराच्या सतरा नोंदी एकाच सभासदाच्या आहेत. त्यांच्याकडे आपल्याला पुढे यावेच लागणार आहे. मंडळालाही यावे लागले.

घाईने निष्कर्ष काढणारा वाचक म्हणेल, की सभासद आपापली पुस्तके विकत घेऊन वाचत असतील. तसे नाही. शिफारस कपाटातील पुस्तकाचीच करावी, असा नियम आहे. त्याहूनही घाईचा वाचक म्हणेल, की मग अहवाल खोटा आहे. तोही नाही. मंडळाच्या पोटनियम ३ (ख) मध्ये व्याख्या स्पष्ट दिली आहे: 'वाचन म्हणजे सभासदाने एखाद्या पुस्तकाविषयी ई-ग्रुपवर पाठवलेली किमान पाच वाक्यांची शिफारस.' या व्याख्येनुसार १,७५२ वाचने झाली, यात शंका घेण्यास तिळमात्र जागा नाही. उलट जे सभासद पुस्तक घरी नेतात, उघडतात आणि शिफारस न पाठवताच परत करतात, त्यांचे वाचन पोटनियमानुसार झालेलेच नसते.

ही व्यवस्था कशी उदयास आली, ते समजून घेण्यासारखे आहे. संकुलात राहणारे बहुतेक लोक माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत आहेत. सकाळी साडेआठला कंपनीची बस येते, रात्री साडेआठला सोडते. अशा माणसाला पुस्तक वाचायला वेळ कुठून मिळणार? परंतु पुस्तक वाचलेले असावे, ही इच्छा मात्र त्याच्या मनात असते. ती पुण्याच्या पाण्यातच आहे. मंडळाचे अध्यक्ष श्री. दिग्विजय कारखानीस यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. ते एका कंपनीत प्रकल्प व्यवस्थापक आहेत. पहिल्याच सभेत त्यांनी फळ्यावर एक आकृती काढून दाखवले, की पुस्तकापासून मिळणाऱ्या एकूण समाधानापैकी ऐंशी टक्के समाधान ते दुसऱ्याला सुचवताना मिळते, आणि श्रमांपैकी ऐंशी टक्के श्रम मात्र ते वाचताना पडतात. हे पाहिल्यावर पुढचा निर्णय कोणत्याही विवेकी माणसाने घेतला असता तोच घेण्यात आला.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी क्लब हाउसमध्ये सकाळी दहाला 'नुकतेच आवडलेले' नावाचा कार्यक्रम होतो. विषम महिन्यांत कादंबरी, सम महिन्यांत मुलांचे चित्रपुस्तक. प्रत्येक जण उभा राहतो, शिफारस वाचतो, बसतो. नंतर उपमा असतो. दुसऱ्याच्या शिफारशीवर प्रश्न विचारण्याची प्रथा नाही. पहिल्या वर्षी एका नवख्या भाडेकरूने 'नायकाचं नाव काय?' असे विचारले होते, पण तो अकरा महिन्यांचा करार संपताच सोडून गेला.

शिफारस लिहिण्याची पद्धत सोपी आहे. पहिली शिफारस मलपृष्ठावरून होते. दुसरी पहिलीवरून होते. तिसरी पहिल्या दोहोंवरून, आणि पुढे याच क्रमाने. यात एक शास्त्रीय सौंदर्य आहे. प्रत्येक शिफारस आधीच्या सर्व शिफारसींचे सार असल्याने पुस्तक जसजसे जुने होते तसतसे त्याच्याविषयीचे मत अधिक परिपक्व होते, आणि पुस्तकाला हात न लागल्याने ते कोरेही राहते. वर्षभरातील कादंबरीविषयक ८७६ शिफारसींची छाननी केली असता 'अंतर्मुख करते' हे शब्द ४११ वेळा आढळले, 'एका बैठकीत संपवली' हे २६३ वेळा, आणि 'हातातून ठेववत नाही' हे १५८ वेळा. (शेवटचे विधान वहीतील नोंदींशी सुसंगत आहे. हातात घेतले नसता ठेवण्याचा प्रसंग येत नाही.)

चित्रपुस्तकांच्या बाबतीत तर मंडळाने जी उंची गाठली ती इतरत्र क्वचितच आढळेल. 'पतंगाची दुपार' या चित्रपुस्तकाला जूनमध्ये बावीस शिफारसी आल्या. त्यांपैकी चौदांनी त्याची भाषा ओघवती असल्याचे म्हटले, पाचांनी ती मुलांच्या वयाला साजेशी असल्याचे म्हटले, दोघांनी संवादांतील जिवंतपणाचा उल्लेख केला, आणि एका ज्येष्ठ सभासदांनी शुद्धलेखनाच्या दोन किरकोळ चुकांबद्दल प्रकाशकांचे कान उपटले. या पुस्तकात एकही शब्द नाही. बत्तीस पाने केवळ चित्रे आहेत.

आता त्या सतरा नोंदींकडे.

त्या मथुराबाईंच्या आहेत. आज जेथे शुभंकर हाइट्स उभे आहे ते रान पूर्वी मथुराबाईंच्या सासऱ्यांचे होते. त्यात जोंधळा होई, आणि एका अंगाला मथुराबाईंचे कोंबड्यांचे खुराडे होते; पाचशे पक्षी ती बाई एकटी सांभाळत असे. २००४ साली रान बांधकाम व्यावसायिकाकडे गेले आणि मोबदल्यात मिळालेल्या घरांपैकी एक, बी विंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे, मथुराबाई आणि त्यांचे यजमान सोनबा यांच्या वाट्याला आले. घराबरोबर सोसायटीचे सभासदत्व आले आणि सोसायटीच्या सभासदत्वाबरोबर वाचक मंडळाचे कार्डही आले. कार्ड देताना कोणाला त्यात काही धोका दिसला नाही, कारण मथुराबाईंना वाचता येत नव्हते.

या ठिकाणी मंडळाची चूक झाली. मथुराबाईंची नात तनुजा इंग्रजी शाळेत दुसरीत होती आणि तिला मराठी अक्षरे येत असली तरी शब्दांचे अर्थ कळत नसत. मथुराबाईंना शब्द सगळे येत होते आणि अक्षरे येत नव्हती. दुपारी सून आणि मुलगा कचेरीत असताना या दोघींनी कपाटातली चित्रपुस्तके एकेक करून घरी नेली. नातीने अक्षर सांगावे, आजीने अर्थ सांगावा, अशा रीतीने दहा महिन्यांत दोघींना वाचता येऊ लागले. ऑक्टोबरअखेरीपर्यंत वहीत सोळा चित्रपुस्तकांची नोंद झाली. सतराव्या नोंदीला मथुराबाईंनी कादंबरी नेली. त्यांच्या आयुष्यातली पहिलीच. कोणती न्यावी, असा प्रश्न त्यांना पडला नाही. नोव्हेंबरातल्या रविवारी त्यांनी कोपऱ्यात बसून तिच्याविषयी ऐकले होते, आणि सदतीस सुशिक्षित माणसांनी एकामागून एक उभे राहून 'जरूर वाचा' असे त्यांना सांगितले होते.

कादंबरीचे नाव 'विझल्या खिडक्यांचा प्रदेश'. लेखकाचे नाव येथे देत नाही. झाल्या प्रकारात ते पूर्णतः निर्दोष आहेत. सदतीस शिफारसी हा मंडळाचा उच्चांक होता. या सदतीसांपैकी एकतीस जणांनी कादंबरीच्या शेवटाचा स्वतंत्र उल्लेख केला होता. अध्यक्षांनी 'शेवट अंगावर येतो' असे लिहिले. सचिव सौ. नम्रता देवस्थळी यांनी 'शेवटची सोळा पाने वाचून मी रात्रभर जागी होते' असे लिहिले. (एकोणिसावी शिफारस माझी आहे. तीत 'शेवट' हा शब्द दोनदा आला आहे.)

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी या कादंबरीला वर्षातील सर्वाधिक शिफारसींचा मान जाहीर व्हायचा होता. मुखपृष्ठाचा मोठा फलक करून लावला होता. मूळ पुस्तक मात्र कपाटात नव्हते, ही गोष्ट कार्यक्रम सुरू होईपर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. तेवढ्यात मथुराबाई पिशवीतून ते घेऊन आल्या. नम्रताबाई प्रसंगावधानी आहेत. त्यांनी मथुराबाईंना पुढे बोलावले.

"आजी, आपण नेहमी येता, शांत बसता. आज दोन शब्द बोलाच. पुस्तक हातात आहेच तुमच्या."

"ते परत द्यायला आणलंय," मथुराबाई म्हणाल्या. "वाचून झालं."

"हो, हो. कसं वाटलं?"

"चांगलं हाय. सुरवातीला जरा जड गेलं. ती बाई नुसती खिडकीत बसती, नवरा दिवसरात कंपूटरवर, घरात कुणी कुणाशी बोलत न्हाई. मी तनुजाला म्हणलं, हिचं आता कसं व्हायचं. पर शेवट लई पटला मला."

"एक्झॅक्टली," अध्यक्ष म्हणाले. "शेवट अंगावर येतो."

"येणारच की. पाचशे पिल्लं सांभाळायची म्हंजे काय खायचं काम न्हाई."

पुढच्या रांगेतल्या काही जणांनी मुखपृष्ठाच्या फलकाकडे पाहिले. इतिवृत्तात याची नोंद नाही.

"कसली पिल्लं, आजी?" नम्रताबाईंनी विचारले.

"कोंबडीची. शेवटाला न्हाई का ती कोंबड्या पाळती? खुराड्याला वारा कुठनं पायजे, खाली तूस किती बोटं टाकायचं, समदं बैजवार लिहिलंय. तवा कुठं बाई मार्गी लागली. फक्त एक चूक हाय. मानमोडीची लस तिसऱ्या आठवड्यात सांगितलीय. पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब टाकायचा असतो. तिसऱ्यापातुर थांबली तर निम्मी पिल्लं जातील तिची. त्या लेखकाला कुणीतरी कळवा."

पुस्तक तेथेच उघडून पाहण्यात आले. उघडताना कण्याचा जो आवाज झाला त्यावरून ते यापूर्वी फारसे उघडले गेले नसावे, असे कोणी तरी पुटपुटले. पण ते तज्ज्ञाचे मत नसल्याने विचारात घेतले गेले नाही. पान १९२ पर्यंत कादंबरी होती. पान १९३ ते २०८ या सोळा पानांवर 'किफायतशीर कुक्कुटपालन' या पुस्तिकेचा मजकूर होता, दोन तक्त्यांसह आणि खुराड्याच्या एका आकृतीसह. त्यानंतर पुठ्ठा.

एखाद्या कमी दर्जाच्या संस्थेत या क्षणी गोंधळ माजला असता. शुभंकर हाइट्समध्ये तसे झाले नाही. अध्यक्षांनी उपमा वाढण्यास सांगितले आणि कार्यकारिणीची बैठक लगेच जिममध्ये घेतली. तेथे जो युक्तिवाद झाला तो इतका नेटका आहे, की मी तो जसाच्या तसा देतो.

एक: सदतीस सभासदांनी पुस्तक वाचले आहे (पोटनियम ३ (ख) पाहावा). दोन: त्यांपैकी एकतीस जणांनी शेवटाची प्रशंसा केली आहे आणि त्यांत कोंबड्यांचा उल्लेख कोणीही केलेला नाही. तीन: त्याअर्थी त्यांनी वाचले तेव्हा पुस्तकात कोंबड्या नव्हत्या. चार: आज आहेत. पाच: सर्व शिफारसी आल्यानंतर पुस्तक ज्यांच्या ताब्यात होते अशी व्यक्ती एकच आहे. सहा: त्या व्यक्तीचा कोंबड्यांशी पूर्वसंबंध सिद्ध आहे.

त्याच संध्याकाळी मथुराबाईंना कारणे दाखवा नोटीस देण्यात आली. सोसायटीच्या रखवालदाराने ती तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिली. तीत दोन आरोप होते: मंडळाच्या मालमत्तेत परकी पाने घुसडून साहित्यकृतीचा शेवट बदलणे, आणि पुस्तकातील आशय शिफारशीच्या नमुन्याबाहेर जाऊन चारचौघांत उघड करणे. शाबीत झाल्यास कार्ड रद्द होणार होते. कार्ड रद्द झाले की कपाट बंद, आणि कपाट बंद झाले की तनुजाची चित्रपुस्तकेही बंद. कारण लहान मुलांना स्वतंत्र कार्ड देण्याची तरतूद मंडळात नाही. (मुलांसाठीच्या पुस्तकांची शिफारस करण्यासाठी मुलांची आवश्यकता भासलेली नाही.)

पुढच्या रविवारी चौकशी झाली. मंडळाने निष्पक्षपातीपणाची परिसीमा गाठून बुधवार पेठेतले एक पुस्तकबांधणीकार, श्री. पोपट वाळिंबे, यांना तज्ज्ञ म्हणून पाचारण केले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक उलटे धरले, कणा नखाने टोकरला आणि ते खाली ठेवले.

"कारखान्यातली चूक आहे," ते म्हणाले. "सोळा पानांचा एक फर्मा असतो. बांधताना शेवटचा फर्मा दुसऱ्या पुस्तकाचा आला. आमच्यात होतं असं. ही शिलाई पहिल्यापासूनची आहे, एक टाका उसवलेला नाही."

"पण घरी कोणी ही पानं उसवून दुसरी शिवू शकतं का?" अध्यक्षांनी विचारले. "थिऑरेटिकली?"

"शकतं ना."

"म्हणजे शक्य आहे."

"आहे. आजींनी घरी बसून असं शिवलं असेल, तर त्यांना उद्यापासून माझ्याकडे पाठवा. माझा कारागीर रजेवर आहे." मग पोपटरावांनी सभागृहाकडे एकवार पाहिले. "आणि तुमच्यात हे सदतीस जणांनी वाचलं म्हणता?"

"सदतीस."

"आमच्याकडं वाचलेलं पुस्तक येतं ते असं दिसत नाही," असे म्हणून पोपटराव उपमा न घेताच गेले. इतिवृत्तात नोंद आहे: 'तज्ज्ञांनी पाने बदलणे शक्य असल्याचे सांगितले व आरोपीच्या कौशल्याची प्रशंसा केली.'

या कादंबरीची दुसरी प्रत मिळवून खरा शेवट ताडून पाहावा, अशीही एक सूचना आली होती. आवृत्ती संपलेली आहे. जुन्या पुस्तकांत शोधायची तर अप्पा बळवंत चौकात जावे लागेल. तेथे गाडी लावायला जागा मिळत नाही. सबब सूचना एकमताने फेटाळण्यात आली.

दरम्यान मंडळाचे नेहमीचे कार्य थांबले नव्हते. त्या आठवड्यात ई-ग्रुपवर सहा सुधारित शिफारसी आल्या. एका सभासदांनी लिहिले, की शहरी एकाकीपणातून कुक्कुटपालनाकडे होणारा नायिकेचा प्रवास हा मातीकडे परतण्याचे प्रतीक आहे. दुसऱ्यांनी खुराड्याच्या आकृतीचा उल्लेख 'मराठी कादंबरीतील धाडसी दृश्यप्रयोग' असा केला. तिसऱ्यांनी दोन्ही शेवट आपण वाचले असून दोन्ही अंतर्मुख करतात, असे कळवले. लसीच्या वेळापत्रकातली चूक मात्र कोणालाच दिसली नाही.

निकाल द्यायचा तो दिवस जवळ आला तशी कार्यकारिणीची झोप उडाली. दोषी ठरवावे तर प्रकरण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत जाणार. तेथे कोणी तरी पुस्तक मागणार. निर्दोष ठरवावे तर सदतीस जणांचे काय करायचे? या पेचातून नम्रताबाईंनी वाट काढली. त्या मसुदा घेऊन बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. साक्षीदार म्हणून मलाही सोबत नेले.

मथुराबाई भाजी निवडत बसल्या होत्या. तनुजा शेजारी रिकामी पिशवी घेऊन बसली होती. रविवारी तीत नवे पुस्तक येते, एवढेच तिला ठाऊक होते.

"आजी, कुणाला तुमच्यावर आरोप ठेवायचा नाहीये हो," नम्रताबाई म्हणाल्या. "आपण एवढंच लिहून द्यायचं: 'मी सदर पुस्तक वाचलेले नाही. चाळत असताना माझा गैरसमज झाला.' बास. कार्ड चालू राहील, हिची पुस्तकं चालू राहतील. कुणाचंच काही जाणार नाही."

"पर मी वाचलंय."

"ते आहे. पण तसं लिहायचं नाही."

"सव्वीस दिवस लागले मला, बाई."

"तेच म्हणतेय मी. सव्वीस दिवस लागले म्हणजे सलग वाचन असं ते म्हणताच येणार नाही. बाकीच्यांनी एका बैठकीत संपवलंय."

मथुराबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "आणि न्हाई लिहून दिलं तर?"

"तर नियमाप्रमाणे कार्ड रद्द होईल. माझ्या हातात नाही."

"कुणाच्या हातात हाय?"

"मंडळाच्या."

"मंडळ म्हंजे कोण?"

"आजी, आता आपण वाद नको घालूया."

मथुराबाईंनी हात पुसले आणि मसुदा मागितला. तो दोन पानांचा होता. त्यांनी तो वाचायला घेतला. बोट ओळीखालून सरकत होते, ओठ हलत होते. अडले की तनुजा अक्षर सांगत होती. 'सदर' म्हणजे काय आणि 'सबब' म्हणजे काय, हे त्यांनी नम्रताबाईंना विचारले. पहिले पान झाले, दुसरे उलटले. पंचवीस मिनिटे लागली. नम्रताबाईंनी तीनदा घड्याळ पाहिले. मंडळाच्या स्थापनेपासून मंडळाचा एखादा कागद कोणी पूर्ण वाचत असल्याचे दृश्य त्या प्रथमच पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते त्यांना मानवले नसावे असे वाटले.

मग मथुराबाईंनी तनुजाच्या दप्तरातून दुरेघी वही काढवून घेतली आणि स्वतंत्र जबाब लिहायला सुरुवात केली. आम्हांला जायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद कपाटाच्या कडीला, वहीशेजारी, सुतळीने बांधलेला आढळला.

कार्यकारिणीने तो 'कबुलीजबाब' म्हणून दाखल करून घेतला आणि मथुराबाईंचे कार्ड तहकुबीत ठेवले, म्हणजे रद्द केले नाही आणि चालूही ठेवले नाही. कबुलीत शेवटी एक प्रश्न असल्याने, त्याचे उत्तर आल्याशिवाय अंतिम निकाल देता येत नाही, असे कायदेशीर मत पडले. उत्तर देण्याची जबाबदारी सदतीस सभासदांवर सामुदायिकरीत्या सोपवण्यात आली आहे. त्याला आता काही महिने झाले. तनुजाची पिशवी रिकामीच आहे. शिफारसी नियमित सुरू आहेत.

आपण येथवर वाचत आलात, याबद्दल आभार मानावेत की दिलगिरी व्यक्त करावी, हे मला ठरवता येत नाही. पोटनियमाच्या दृष्टीने त्याची आवश्यकता नव्हती. काही वाचकांनी तर दुसऱ्या परिच्छेदानंतरच हा मजकूर कोणाला पाठवावा हे मनाशी ठरवले असेल, आणि पाठवताना वर 'शेवट जरूर वाचा' असे लिहिण्याचेही. त्यांच्या सोयीसाठी शेवट वेगळा काढून देत आहे. आरोपीची कबुली, अक्षर न बदलता, अशी:

'मी मथुराबाई सोनबा लिहून देते की मी पुस्तक वाचलं. पहिल्या पानापासून वाचलं. कुणी जबरदस्ती केली न्हाई. सदतीस जणांनी वाचा म्हणून सांगितलं होतं म्हणून वाचलं. वाचायचं नसतं हे कुठं लिहिलेलं न्हवतं, लिहिलेलं असतं तर ते बी वाचलं असतं. पोपटराव म्हणले कोंबड्या दुसऱ्या पुस्तकातल्या हायेत. मग खरा शेवट मी वाचलेलाच न्हाई, तेवढा गुन्हा माझ्यावर न्हाई. पान एकशेब्याण्णववर ती बाई पहाटची उठलीय आन तिचा हात खिडकीच्या कडीवर हाय, तिथं माझं पुस्तक संपलं. तुम्ही म्हणता तुम्ही वाचलं तवा कोंबड्या न्हवत्या, म्हंजे तुम्हाला पुढचं ठावं हाय. मला झोप येत न्हाई. कार्ड काढून घ्या पर एवढं एकानं येऊन सांगा, तिनं खिडकी उघडली का लावली.'